मैफल संपल्यावर गर्दी घरी कशी जाते?

पावसाळा संपून थंडी पडायला लागली की आपल्याकडे उघड्या मैदानावरच्या गाण्यांचा सीझन सुरू होतो. पुण्यात सवाई, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा, गोव्यात वर्षअखेरीचे ते मोठे म्युझिक फेस्टिव्हल, शिवाय गावोगावच्या संगीत सभा, कॉलेजांचे फेस्ट, काय काय. मला हे सगळं मनापासून आवडतं. शास्त्रीय ऐकते, बँडही ऐकते, आणि एसी हॉलमधल्या मऊ खुर्चीपेक्षा मंडपात चादर अंथरून बसणं मला कधीही जास्त प्रिय. म्हणूनच हे लिहितेय. हल्ली मोठ्या फेस्टिव्हलच्या गेटवर ‘झीरो वेस्ट’ किंवा ‘सस्टेनेबल’ असा एखादा बोर्ड असतोच, आत लाकडी चमचे असतात, ओला-सुका लिहिलेले रंगीत डबे असतात, आणि हे चांगलंच आहे, काही वर्षांपूर्वी एवढंही नव्हतं. पण मला सारखं वाटत राहतं की आपण सगळं लक्ष गेटच्या आत लावलंय आणि जास्तीचा धूर गेटच्या बाहेर निघतोय.

सवाईचंच घ्या. पंडित भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला, २०११ मध्ये भीमसेनजी गेले आणि मग त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. माझ्या आईबाबांच्या पिढीचा सवाई म्हणजे रमणबागेचा सवाई. शाळेचं मैदान, शनिवार पेठ, चहूबाजूंनी वाडे आणि बोळ. नारायण पेठेतला, सदाशिव पेठेतला, कसब्यातला माणूस जेवून, शाल-कानटोपी घेऊन चालत यायचा. जे लांबून यायचे ते रात्रभर बसायचे, कारण मैफलच रात्रभर चालायची, आणि पहाटेची भैरवी ऐकून पहिल्या पीएमटीनं किंवा सायकलवर घरी जायचे. बाबा अजून सांगतात, तांबडं फुटताना लक्ष्मी रोडवर सायकलींची रांग लागायची आणि प्रत्येक जण काहीतरी गुणगुणत असायचा. त्या लोकांनी पर्यावरण हा शब्द उच्चारलासुद्धा नसेल. पण जागा गावाच्या मध्यावर होती आणि संपायची वेळ पहिल्या बसशी जुळत होती, या दोन गोष्टींनीच काम झालेलं होतं.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं एवढंच, त्यामुळे रात्रभराची मैफल गेली. तो नियम बरोबर आहे असं माझं मत आहे, त्यावर पुढे लिहितेच. २०१८ मध्ये सवाई रमणबागेतून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. गर्दी वाढली होती, पेठेत गाडी लावायला जागा नव्हती, हे सगळं खरंच होतं आणि नवीन जागा प्रशस्त आहे. शिवाय श्रोताही आता पेठेत राहत नाही, तो बाणेरला, वाकडला, खराडीला, आंबेगावला राहायला गेला. म्हणजे शहर पसरलं, श्रोता पसरला, आणि सगळे एकाच वेळी, रात्री दहाच्या सुमाराला, एकाच रस्त्यावर बाहेर पडायला लागले.

तो रस्ता एकदा बघा. कानात अजून तंबोरा असतो आणि समोर नुसते हेडलाइट. स्कूटरवाले पार्किंगमधून गाडी काढायला धडपडतायत, कॅबचे दर दुप्पट झालेत, रिक्षावाले फक्त लांबचं भाडं घेतायत, चारचाकी इंजिन चालू ठेवून जागच्या जागी उभ्या. मागे एकदा सातारा रोडला स्टॉपवर एक काकू भेटल्या, सत्तरीच्या पुढच्या असतील, बरोबर काका, काकांच्या हातात घडी केलेली सतरंजी आणि थर्मास. मला म्हणाल्या, “अगं, कात्रजकडची गेली का? मुलगा म्हणत होता कारनं सोडतो न्यायला येतो, पण त्याला दोनदा हेलपाटा कशाला.” आम्ही बराच वेळ उभे होतो. शेवटी काकूंनी मुलाला फोन केलाच. तो बिचारा घरून रिकामी गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन परत गेला. म्हणजे एका ख्यालापायी त्या गाडीच्या चार फेऱ्या होऊ नयेत म्हणून काकू बसनं आल्या होत्या, आणि बस नाही म्हणून निम्म्या फेऱ्या झाल्याच.

आता जरा हिशोब मांडून बघू, अगदी ढोबळ. समजा एखाद्या मैफलीला पाच हजार माणसं आली, दोघांत एक दुचाकी धरली, येऊन-जाऊन वीस किलोमीटर. म्हणजे अडीच हजार गाड्या, पन्नास हजार किलोमीटर. लिटरला पन्नासचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी हजार लिटर पेट्रोल, आणि एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका संध्याकाळचे सव्वादोन टनांच्या वर. त्याच मैदानावर एखादा १२५ केव्हीएचा जनरेटर दिवसभर चालला तर दोनशे लिटर डिझेल धरा, लिटरमागे २.७ किलोच्या आसपास, म्हणजे अर्धा टन. आणि हे सगळे दुचाकीनं आले असं धरून. त्यातले थोडे जरी कारनं आले तर आकडा कुठल्या कुठे जातो. या हिशोबात लाकडी चमचा कुठे बसतो ते तुम्हीच ठरवा.

हे फक्त पुण्याचं नाही. इंग्लंडमधल्या फेस्टिव्हलवाल्यांनी २०१५ मध्ये आपला हिशोब मांडला तेव्हा एकूण कार्बनपैकी सुमारे ८० टक्के वाटा प्रेक्षकांच्या येण्या-जाण्याचा निघाला. स्टेज, लाइट, साउंड, जेवण, कचरा सगळं मिळून उरलेल्या वीसमध्ये. ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडनं २०१९ मध्ये मँचेस्टरच्या टिंडल सेंटरमधल्या हवामान शास्त्रज्ञांना आपल्या टूरची सगळी आकडेवारी देऊन टाकली आणि म्हटलं, सांगा आम्ही काय बदलू. २०२१ मध्ये तो रिपोर्ट आला, आणि मग ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्याच एका मोकळ्या माळावर एक दिवसाची कॉन्सर्ट करून दाखवली. सगळी वीज बॅटरीवर, डिझेल जनरेटर नाहीच. पण मला जास्त आवडलं ते तिकिटांचं. आधी आसपासच्या पिनकोडवाल्यांना तिकिटं काढायची संधी दिली, म्हणजे लांबून येणारी गर्दी मुळातच कमी. रात्री घरी जायला जादा ट्रेन ठरवल्या, आणि मैदानापासून रेल्वे स्टेशनपर्यंत फुकट इलेक्ट्रिक बस. आधी घरी जायचं ठरवलं आणि मग स्टेज उभं केलं, असा तो उलटा क्रम मला फार पटला.

जर्मनीत तर कितीतरी कार्यक्रमांच्या तिकिटातच त्या दिवसाचा बस-ट्रेनचा प्रवास धरलेला असतो, गाण्याचं तिकीट दाखवा आणि ट्राममध्ये बसा. आपल्याकडे हे जमणार नाही असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही, कारण जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे जमलंय. कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला आला तेव्हा गोरेगावहून नेरूळला खास लोकल सोडल्या होत्या, आणि अहमदाबादच्या शोसाठी मुंबईहून जादा गाड्या सोडल्या. मुंबईकराला लोकलचं कौतुक नसतं, पण जगात किती शहरं असतील जिथे स्टेडियमपासून चालत जाऊन ट्रेन मिळते. महालक्ष्मी रेसकोर्सचंही तेच, स्टेशन पायाखाली. याच कोल्डप्लेनं २०२४ मध्ये जाहीर केलं होतं की आधीच्या टूरच्या तुलनेत दर शोमागे त्यांचं थेट उत्सर्जन ५९ टक्क्यांनी कमी झालं, आणि ते काम मोठंच आहे, नाचलं की वीज तयार होणारी जमीन, पॅडल मारायच्या सायकली, परत घेतले जाणारे मनगटी दिवे. पण त्या ५९ टक्क्यांत प्रेक्षक कसा आला हे येत नाही. देशभरातून विमानानं मुंबईला आलेली पोरं त्या आकड्याच्या बाहेरच राहतात. म्हणून मला त्या नाचाच्या जमिनीपेक्षा गोरेगाव-नेरूळ लोकलचं अप्रूप जास्त.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाला अरुणाचलात आहे. झिरो व्हॅलीत २०१२ पासून संगीताचा फेस्टिव्हल होतो, स्टेज बांबूचं, स्टॉल बांबूचे, आजूबाजूला आपातानी लोकांची भातखाचरं ज्यात ते भाताबरोबर मासेही वाढवतात. त्या मैदानाचं प्रेम वाटावं असंच ते आहे. पण मुंबईहून गुवाहाटी सरळ रेषेत दोन हजार किलोमीटरच्या वर, एका बाजूचे माणशी दीडदोनशे किलो कार्बन विमानातच जातात, पुढे घाटातल्या गाड्या वेगळ्या. ईशान्येतला श्रोता तिथे गेला तर ते स्टेज जितकं हिरवं दिसतं तितकं आहे. आपण इथून उडत गेलो तर बांबूनं ते भरून निघत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं यावर चांगला मार्ग काढला, ती गेली पण ट्रेननं गेली, आणि महिनाभर तिकडेच राहून काम करत राहिली. सगळ्यांना एवढी सुट्टी मिळणार नाही हे मला कळतं. पण वीकेंडला तीन दिवसांत झिरो करून येणं ही जी पद्धत पडतेय ती मला बघवत नाही.

आता कचरा. तो कमी महत्त्वाचा आहे असं मी म्हणत नाहीये, कारण तो उचलायला कुणीतरी बाई वाकते. पुण्याबाहेरच्या एका मोठ्या फेस्टिव्हलला मी व्हॉलंटियर म्हणून डब्यांपाशी उभी होते, नाव सांगत नाही. तिथे कचरा वेगळा करायला ज्या मावशी होत्या त्यातल्या एकीशी माझी गट्टी जमली. तिचं काम बघणं हाच एक धडा होता. पाण्याची बाटली हातात आली की ती आधी झाकण काढायची आणि उरलेलं पाणी शेजारच्या बादलीत ओतायची, मग बाटली पायानं चेपायची, झाकण वेगळ्या पिशवीत. प्रत्येक बाटलीत पाणी. कुणी दोन घोट पिऊन टाकलेली, कुणी उघडून नुसती हातात धरून नाचलेली. संध्याकाळपर्यंत ती बादली किती वेळा भरली मोजलं नाही, आम्ही ती नेऊन कुंपणाच्या कडेच्या झाडांना घालत होतो. पाणी का ओततेस विचारलं तर म्हणाली, “पाण्याचं वजन भंगारवाला कापतो, आणि गोणीत सांडलं की सगळा कागूद भिजतोय. भिजका कागूद कोण घेतंय?”

मग तिनं मला कागदी कप दाखवला, चहाचा, तळाशी थोडा चहा आणि त्यात विझवलेली सिगारेट. आत बोट फिरवून म्हणाली, “ह्याला आतून प्लॅस्टिक हाय, हे बघ, नखानं सुटतंय.” खरंच पातळ पापुद्रा सुटला. लोक हा कप ‘इको-फ्रेंडली’ म्हणून घेतात. तो ओल्यातही कुजत नाही आणि कागद म्हणूनही विकला जात नाही. चाट अडकलेली प्लेट, सॉस लागलेला टिश्यू, अर्ध्या नूडल्स असलेला डबा, हे सगळं सुक्याच्या डब्यात पडलं की तो अख्खा डबा गेला. डब्यांना किती सुंदर रंग दिलाय यानं काही होत नाही, पदार्थ कशात वाढतात यानं होतं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, २०२२ च्या जुलैपासून देशभर प्लॅस्टिकच्या प्लेट-चमचे-स्ट्रॉवर बंदी आली, आणि स्टॉलवाल्यांनी प्लॅस्टिकचं एकदाच वापरायचं काढून कागदाचं एकदाच वापरायचं आणलं. एकदाच वापरायचं ते राहिलंच.

ज्यांनी हे मुळातून बदललंय त्यांच्याकडे बघावं. केरळात २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांना ‘ग्रीन प्रोटोकॉल’ लावला, स्टीलची ताटं-पेले, धुवायची सोय, आणि मग तिकडे लग्नांपासून शाळांच्या कला महोत्सवापर्यंत ती पद्धत पसरली. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी फेस्टिव्हलनं २०१९ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या विकणंच थांबवलं, आधी तिथे एका फेस्टिव्हलमध्ये दहा लाखांच्या वर बाटल्या खपायच्या. मैदानभर नळ बसवले, लोक आपापली बाटली घेऊन यायला लागले. आपल्याकडे मात्र कितीतरी ठिकाणी गेटवर सिक्युरिटीवाले घरची बाटली काढून घेतात आणि आत वीस रुपयांची बाटली जास्त पैशांना मिळते. हे एक कलम बदललं तरी त्या मावशीचं निम्मं काम कमी होईल. काचेची, धातूची नको म्हणा, मऊ रिकामी बाटली येऊ द्या आणि आत पाणी भरायचे नळ भरपूर ठेवा. स्टॉलवाल्यांना भाड्याच्या स्टीलच्या ताटल्या द्या, पन्नास रुपये डिपॉझिट, ताटली परत केली की पैसे परत. कॅटररकडे हजारांनी ताटं असतात, लग्नाचे मुहूर्त रोज नसतात.

आणि हे आपल्याला नवीन नाही. वारी घ्या, एवढी माणसं दिवसेंदिवस अभंग म्हणत चालतात, उघड्यावरचा गाण्याचा याहून मोठा सोहळा आपल्याकडे दुसरा नाही. दिंडीतला वारकरी आपलं ताट, तांब्या पिशवीत घेऊन येतो, दिंडीचा स्वयंपाक मोठ्या पातेल्यात होतो, जेवून झालं की ताट विसळून परत पिशवीत. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ढिगानं जे पडलेलं असतं ते वारकऱ्यांनी आणलेलं नसतं, ते आपण पुणेकरांनी प्रेमानं वाटलेल्या चहाचे कप, बिस्किटांचे पुडे, उपम्याच्या द्रोणप्लेटा असतात. वाटावं जरूर, ते पुण्यच आहे. पण माउलींच्या हातात ताट आहे, त्यातच वाढावं ना.

विजेचं थोडक्यात सांगते, कारण यात गैरसमज फार आहेत. मी व्हॉलंटियर होते त्याच फेस्टिव्हलला स्टेजमागे साउंडवाले एक दादा होते, त्यांनी दोन जनरेटर दाखवले, एक चालू, एक स्टँडबाय. “ताई, लाइट गेली तर शो गेला, म्हणून दुप्पट ठेवायचा.” पूर्वी स्टेजवरचा एकेक ‘पार’ जातीचा लाइट हजार वॅटचा असायचा, आता एलईडी दीडशे-दोनशे वॅटमध्ये तेवढं काम करतो. म्हणजे लोड उतरला, पण जनरेटर अजून जुन्या सवयीनं मोठाच मागवतात, कारण खरा लोड किती हे कुणी आधी लिहून देत नाही आणि डिझेलचं बिल भलत्याच खात्यातून जातं. मोठा जनरेटर कमी लोडवर चालला की डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, दर युनिटला जास्त इंधन खातो. आता कुणी म्हणेल महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या. घ्याच, पण आपली वीज अजून बरीचशी कोळशाची, युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन, आणि नीट लोडवर चालणारा जनरेटर ०.८ च्या आसपास. कार्बनचा फरक थोडाच. फरक पडतो तो मैदानाशेजारी राहणाऱ्यांना, त्यांच्या खिडकीतला धूर आणि घरघर जाते. म्हणून माझ्या मते आधी लोड मोजून छोटा जनरेटर किंवा बॅटरी, मग कनेक्शन, आणि सोलरचे चार पॅनल लावून फोटो काढणं सगळ्यात शेवटी.

आवाजाबद्दल मी ठाम आहे. संगीतावर प्रेम करणाऱ्यांनीच आवाजावर बोलायला हवं. आपल्या नियमात रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. पण ते डेसिबल ज्या पद्धतीनं मोजतात तिच्यात खालचे सूर, म्हणजे बेस, कमी धरले जातात. त्यामुळे मीटर म्हणतं सगळं ठीक आणि शेजारच्या घरातली भांडी वाजत असतात, झोपलेलं बाळ दचकून उठतं, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडतं. बेस भिंतीतून जातो आणि लांब जातो. स्टेजचं तोंड वस्तीकडे नको, सबवूफरची, म्हणजे बेसच्या स्पीकरची, मांडणी नीट हवी, मोजताना बेससकट मोजा, हे सगळं करता येतं, चांगल्या साउंड इंजिनिअरला ते येतं. फक्त त्याला सांगणारं कुणी हवं.

गोव्यात यावरूनच केवढं रामायण झालं. २०२४ मध्ये सनबर्न हा मोठा म्युझिक फेस्टिव्हल वागातोरहून पेडणे तालुक्यातल्या धारगळला नेला, गावात विरोध झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं. मला त्यातली एक गोष्ट लागली. किनाऱ्यावरच्या लोकांना त्रास होतो म्हणून फेस्टिव्हल आत गावात नेला, म्हणजे त्रास कमी झाला नाही, तो फक्त ज्यांचा आवाज कमी पोचतो त्यांच्याकडे सरकला. जागा निवडताना आयोजक गाड्या किती मावतील, विमानतळ किती जवळ हे बघतात. त्या जमिनीवर एरवी काय होतं, कुणाची गुरं चरतात, पाणी कुठे उतरतं, हे कुणी विचारतं का?

ग्लास्टनबरी मुळात दुधाच्या गाईंचं शेत आहे, १९७० मध्ये मायकेल ईव्हिस या शेतकऱ्यानं पहिला फेस्टिव्हल केला तेव्हा एका पौंडाच्या तिकिटात फार्मचं दूधही मिळायचं. ते लोक दर काही वर्षांनी एक वर्ष फेस्टिव्हलच घेत नाहीत, २०१८ मध्ये घेतला नाही, २०२६ हे पण तसंच सुट्टीचं वर्ष. रान पडीक ठेवायचं, गवत वाढू द्यायचं, गाई परत मोकळ्या. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला लागत नाही की जमिनीला विसावा लागतो. आणि तिथेही सगळं आलबेल नाही. २०१९ च्या फेस्टिव्हलनंतर बँगर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना शेजारच्या व्हाइटलेक नदीत अमली पदार्थांचं प्रमाण वाढलेलं सापडलं, लोक उघड्यावर लघवीला गेले आणि ते नदीत उतरलं, आणि त्या नदीतल्या दुर्मिळ ईल माशांना त्याचा धोका. म्हणजे संडास किती आणि किती जवळ, हा सुद्धा नदीचा प्रश्न. आपल्याकडे कुठल्याही मैदानावर बायकांच्या बाथरूमची रांग बघितली की कळतं हा विषय कुणाच्या यादीत कितव्या नंबरावर आहे.

परत पुण्याकडे येते, कारण मला हे सगळं इथे झालेलं बघायचंय. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत मेट्रो आलीय आणि मुकुंदनगर तिथून फार लांब नाही, तरुण माणूस चालत जाईल. प्रश्न त्या मधल्या तुकड्याचा आहे. काका-काकूंसाठी मैदान ते स्वारगेट अशा दोन-चार बस दुपारपासून रात्री उशिरापर्यंत फेऱ्या मारत राहिल्या, आणि कार्यक्रमाची वेळ शेवटच्या मेट्रोला अर्धा तास राखून ठरवली, तर कितीतरी स्कूटर घरीच राहतील. कोथरूड, सिंहगड रोड, हडपसर, पिंपरी-चिंचवड अशा चार दिशांना कार्यक्रम संपल्यावर जादा बस सोडता येतील. तिकीट काढताना ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव, मोबाइल नंबर विचारतात तिथेच कुठल्या भागातून येणार आणि परत कसे जाणार हेही विचारावं, मग कुठे किती बस लागतील हे महिनाभर आधी कळेल. पार्किंगचे पैसे गाडीत किती माणसं आहेत त्यावर ठरवावेत, चौघं असतील तर फुकट, एकटा असेल तर घसघशीत. एका मोठ्या मैदानावर एकच महोत्सव करण्याऐवजी शहराच्या तीन कोपऱ्यांत छोट्या बैठका करता येतील का, हेही बोलायला हवं, कलाकार एकच फिरेल, श्रोते पाच हजार फिरणार नाहीत. काही जण म्हणतील महोत्सवाची ती गर्दी, ते वातावरण जाईल. जाईल थोडं, खरंय. मलाही ती गर्दी हवी असते. म्हणून आधी बसचं बघू.

आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांमध्ये आम्ही या वर्षी स्वतःच सुरुवात करतोय. सवाईच्या शेवटच्या दिवसासाठी एक मिनीबस ठरवतोय, दुपारी कोथरूडहून निघेल, कार्यक्रम संपेपर्यंत थांबेल, सगळ्यांना घराजवळ सोडेल. ड्रायव्हरदादांनाही आत बसून ऐकायचं असेल तर त्यांचं तिकीट आम्ही काढणार. प्रत्येकानं आपली बाटली, आपला पेला आणि जमलं तर एक डबा आणायचा. ज्येष्ठांना खिडकीची सीट. अजून थोड्या जागा आहेत, कर्वे पुतळ्याच्या आसपास राहणाऱ्या कुणाला यायचं असेल तर खाली लिहा, आणि तुमच्या भागातून अशी बस निघत असेल तर तेही लिहा, म्हणजे एकमेकांच्या याद्या जोडता येतील.